माझी अर्धी

अकरा नंबरच्या ब्लेडने कापली की सिगारेटचे दोन तुकडे अगदी सारखे होतात. ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन म्हणून नऊ वर्षं काढली, त्यातली ही कमाई.

"अर्धी म्हणजे ओढली असं होत नाही," सासरे म्हणाले. अंगात पेशंटचा झगा, मागून उघडा. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीमागे आम्ही 'धूम्रपान निषिद्ध'च्या पाटीखाली उभे होतो, कारण सावली तिथेच होती. तासाभराने त्यांचं पित्ताशय दुर्बिणीतून काढणार होते.

"बाबा, फॉर्मवर लिहिलंय, सहा महिन्यांपूर्वी सोडली."

"कुणी लिहिलं?"

"मी."

"मग खरंच असणार. जावईबापू खोटं कशाला लिहितील."

सोडायची शपथ त्यांनी माझ्या बायकोसमोर घेतली होती. मीही घेतली, त्याच दिवशी, त्याच सोफ्यावर. तेव्हापासून आम्ही दोघांत एक ओढायचो. मी काडी पेटवून दिली. तेवढ्यात मला आतून हाक आली आणि माझी अर्धी खिशातच राहिली.

पोटाला चार भोकं पाडून आत कार्बन डायऑक्साइड भरला. सासऱ्यांचं पोट फुग्यासारखं वर आलं. हा वायू थोडा रक्तात उतरतो, फुफ्फुसांनी तो बाहेर फेकायचा असतो. भूल देणाऱ्या मॅडमनी मॉनिटर पाहिला. श्वासातला वायू चाळीस, बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव.

"सासऱ्यांची तब्येत छान आहे हो तुमच्या."

ओढणाऱ्यांच्या बाबतीत हे दोन्ही आकडे तोंडदेखलं बोलतात. रक्तातला धूर चिमट्याला ऑक्सिजनच वाटतो, आणि खराब फुफ्फुसांत अडकलेला वायू श्वासात पुरता दिसत नाही. मला हे पाठ होतं. नाडी एकशे दहावर गेली.

"भूल कमी पडतेय बहुतेक," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, धमनीतलं रक्त तपासू या."

"कशाला? ओढत नाहीत ना ते?"

"सकाळी ओढली."

"तुम्हाला काय माहीत?"

"काडी मी पेटवली."

सर्जनचे हात थांबले. इतकं गप्प मी तिथे फक्त पेशंटला पाहिलं होतं.

रक्ताची सिरिंज बर्फात घालून मशीनपर्यंत मीच पळालो. चिठ्ठीवर कार्बन डायऑक्साइड त्रेसष्ट, खरा ऑक्सिजन एकोणनव्वद. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गॅस सोडा," एवढंच म्हणाल्या. पोट हळूहळू बसलं. बराच वेळ त्यांनी श्वास वाढवून दिला, मग गॅसच्या कमी दाबावर कसंबसं उरकलं. जाताना त्यांनी नव्याने भरायला माझ्या हातात कोरा फॉर्म ठेवला.

वॉर्डात बायकोने विचारलं, "एवढा वेळ का लागला रे?"

मी तोंड उघडलं. सासऱ्यांनी मास्क बाजूला सरकवला.

"सकाळी मी चोरून ओढली गं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जावईबापू नको नको म्हणत होते."

बायकोने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी काय करणार."

ती पाणी आणायला गेली.

"तुमची अर्धी आहे ना अजून?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"नाही," म्हणालो आणि मास्क नीट बसवला. आत पांढरं धुकं यायचं, जायचं. माझा हात खिशावर होता.