अक्का, मशीन अडकली

हरिओमचा कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, आणि हरिओम गेलं वर्षभर त्याच्या उशाशी बसून एकाच विचारात पडला होता. ह्याचे जुने भाग काढून नवे घालावेत, की ह्याला निरोप देऊन आख्खा नवाच आणावा? तेवढ्या काळात शेजाऱ्यांनी प्लॉट घेतला, घर बांधलं, वास्तुशांत उरकली. ह्या गड्याचं काही ठरेना.

कॉम्प्युटर दुकानातला नव्हता. कॉलेजात असताना हरिओमनं आणि त्याच्या थोरल्या बहिणीनं, सिंधुअक्कानं, खास गेम खेळण्यासाठी पुण्याहून एकेक भाग मागवून तो घरी जोडला होता. जोडून झाल्यावर बटण दाबलं तर ढिम्म! हरिओमनं मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. अक्कानं उठून भिंतीवरचं बटण चालू केलं. तो प्रसंग हरिओम कुणाला सांगत नाही, अक्का मात्र प्रत्येक लग्नकार्यात सांगते.

पुढं अक्का नांदेडला बँकेत लागली, तिकडंच तिनं संसार थाटला. हरिओम लातुरात डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांना क्लासवर फिजिक्स शिकवायला लागला. कॉम्प्युटर त्याच्याकडंच राहिला. पण रविवारची दुपार दोघांनी कधी सोडली नाही. ती नांदेडहून, हा लातुरातून, कानाला हेडफोन लावून जोडीनं बंदुकीचा गेम खेळायचे. आईची गुडघेदुखी, गावाकडच्या, औशाच्या घराची गळकी खोली, अक्काच्या साहेबाचा तऱ्हेवाईकपणा, सगळं त्या गोळीबारातच बोलून व्हायचं. हरिओम सोमवारपासूनच रविवारची वाट बघायचा.

अडचण एवढीच होती की ही जोडी सारखी हरायची. आणि हरली की हरिओमचं एक वाक्य ठरलेलं. "अक्का, मशीन अडकली."

आता मशीन अडकायची, नाही असं नाही. उन्हाळ्यात तर भर खेळात बंदच पडायची. पण हरिओम जितक्या वेळा मरायचा तितक्या वेळा काही बिचारी अडकत नव्हती. हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं. आतलं आतच ठेवायची कला मात्र त्याला चांगली साधलेली होती.

तर वर्षभर अभ्यास चालला. ग्राफिक्स कार्ड बदलावं म्हटलं तर जुना पॉवर सप्लाय त्याला पुरेना. पॉवर सप्लाय बदलावा तर प्रोसेसर म्हातारा. प्रोसेसर बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागतो, आणि मदरबोर्डही बदलला तर जुनं म्हणून उरलं काय, नुसता डबा! मग नवाच घ्यावा, असं ठरवून तो झोपायचा. सकाळी मोबाईलवर कुणीतरी सांगायचं, थोडं थांबा, दिवाळीत नवं कार्ड येतंय. हरिओम थांबायचा. थांबायला त्याला फार आवडायचं. वर्षभराच्या ह्या धडपडीतून घरात आली ती प्रोसेसर तापू नये म्हणून त्याला लावायच्या पेस्टची एक चिमुकली ट्यूब. तीही न फोडलेली.

"मला बघायला आलात तेव्हा कप खाली ठेवायच्या आत हो म्हणलात," त्याची बायको तनुजा म्हणाली. "आन् ह्या डब्यापायी वर्ष घालवलं."

"तेव्हा मोबाईलवर इतके व्हिडिओ नव्हते," हरिओम म्हणाला आणि मग दोन दिवस त्याला घरात बिनसाखरेचा चहा मिळाला.

एप्रिल संपता संपता एका रविवारी मशीन पुन्हा मध्येच बंद पडली, आणि अक्काचा फोन आला.

"हऱ्या, लई झालं तुझं. आमच्या ब्रँचला रुद्रेश म्हणून एक पोरगं आलंय, भारी खेळतंय. सुट्टीत मी तिकडं येते. तवर तुझं काय ते ठरव, न्हाईतर मी त्याच्यासंगं खेळायला लागते बघ."

हरिओमनं फोन खाली ठेवला. रुद्रेश! बँकेत काम नसतं की काय ह्या पोरांना? त्यानं त्याच दिवशी नव्या कॉम्प्युटरची ऑर्डर भरायला घेतली. सगळं भरलं, आणि शेवटच्या बटणापाशी त्याचं बोट थांबलं. नवी मशीन आली, झकास चालली, आणि तरीही आपणच हरलो तर? मग काय सांगायचं अक्काला? वर्षभर त्याचं ठरत नव्हतं ते ह्याच भीतीपायी. मशीन बदलली की त्याचं ते वाक्य जाणार होतं, वाक्य गेलं की त्याचा खेळ उघडा पडणार होता, आणि खेळ उघडा पडला की अक्का रुद्रेशकडं जाणार होती. हरिओमनं मोबाईल पालथा घातला आणि निमूट उत्तरपत्रिका तपासायला बसला.

मे महिन्यात अक्का आली. सोबत तिचा गेमिंगचा लॅपटॉप, हरिओमच्या मशीनपेक्षा कितीतरी पुढचा. नाश्त्याला मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, पाणी प्यायली आणि थेट आतल्या खोलीत घुसली. दारातच थबकली.

"ह्ये काय करून ठेवलास?"

हरिओमनं अभिमानानं दाखवलं. मशीन तापते म्हणून त्यानं डब्याची एक बाजू कायमची उघडून ठेवली होती, आणि खोलीतला मोठा कूलर बरोबर तिच्यासमोर आणून लावला होता. गार वारा थेट पोटात. "स्वतः डोकं चालवलं," तो म्हणाला. "दोन उन्हाळे झाले."

अक्कानं आत बोट घातलं आणि बाहेर काढून त्याच्या नाकासमोर धरलं. बोटाला पांढरी पूड चिकटली होती.

"कूलरमधी पाणी कुठलं घालतूस?"

"बोअरचं."

"लेका, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे तुषार ह्याच्या पोटात सोडून राहिलास! आतल्या पंख्यावर क्षाराचं पुटच चढलंय. हवा जाईल कुठनं? तापंल न्हाईतर काय हुईल? क्लासवर उष्णता कोण शिकवतंय रे तिथं?"

हरिओमच शिकवायचा. ते प्रकरण त्याचं विशेष आवडतं होतं.

"आरशावर पांढरे डाग पडतेत, कूलर तिकडं फिरवा म्हणून मी किती येळा म्हणले," तनुजा दारातून म्हणाली. "तर म्हणलेत, तुला फिजिक्स कळत न्हाई."

हरिओमनं रंगाचा ब्रश आणि सायकलचा पंप आणून दिला. अक्कानं सगळे पंखे खरवडून पुसले, वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट काढली, हरिओमची ती कोरी ट्यूब फोडून नवी लावली, बाजूचं झाकण बसवलं आणि कूलर खिडकीकडं वळवला. मशीन चालू केली. तासभर चालली, बंद म्हणून पडली नाही.

"आता तू माझ्या लॅपटॉपवर बस," अक्का म्हणाली. "मी ह्याच्यावर बसते. आज समोरासमोर खेळू."

आली का पंचाईत! पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

पहिला डाव अक्कानं घेतला. "माउस नवा आहे हाताला," हरिओम म्हणाला. दुसराही तिनंच घेतला. "खुर्ची बुटकी आहे जरा." तिसऱ्यात तर अक्कानं म्हाताऱ्या मशीनवरून, चित्र मध्येमध्ये अडखळत असताना, त्याला पाठीमागून गाठून मारलं. लॅपटॉप लोण्यासारखा चालत होता. अडकला होता तो एकटा हरिओम.

त्यानं माउस बाजूला सारला. मग म्हणाला, "अक्का, त्या रुद्रेशसंगंच खेळत जा तू. मला येत न्हाई खेळायला. कधीच येत नव्हतं."

अक्का हसायलाच लागली. "मला ते आज कळालं व्हय? पतंग कटला की तुझा मांजा खराब, लगोरीत हरलास की चेंडू फाटका. लहानपणापासनं बघते की तुला. मला जिंकायचंच असतं तर तुझ्यासंगं खेळणं कवाच सोडलं असतं."

"मग रुद्रेशची धमकी कामून दिलीस?"

अक्कानं हेडफोनची वायर गुंडाळत गुंडाळत खाली बघितलं. "तुझी मशीन बंद पडती, आन् तू बोलता बोलता मधीच गायब. आईचं काहीतरी सांगत आसते मी, आन् हिकडं कुणीच नसतं. आठवडाभर बँकेत शंभर माणसांशी बोलते रे, पण ते काय बोलणं हाय? रविवारी दुपारी एकटीच त्या गेममधी उभी राहते मी. लई वंगाळ वाटतं बघ."

वर्षभर हरिओम आपल्या अब्रूची राखण करत बसला होता, आणि तिकडं अक्का त्याची वाट बघत उभी होती. ह्याच्यापेक्षा मोठा गाढवपणा आजवर आपल्या हातून झाला नाही, असं त्याला मनापासून वाटलं. आणि त्यानं तसे बरेच केले होते.

मशीन बदलायचं राहिलंच. भागही बदलले नाहीत. कूलर खिडकीकडं तोंड करून राहिला, आणि तनुजानं आरसा घासून लख्ख केला.

अक्का नांदेडला परतल्यावरच्या रविवारी दोघं पुन्हा जोडीनं खेळायला बसले. मशीन सुरळीत चालत होती. अक्का ओरडत होती, "हऱ्या, भिंतीआड जा, भिंतीआड!" आणि हरिओम ऐन मोक्याला मैदानाच्या मधोमध उभा राहून बंदुकीत गोळ्या भरत बसला. व्हायचं तेच झालं. दोघंही मेले.

"अक्का, म..." त्याच्या तोंडी सवयीनं आलं. त्यानं पुढचा शब्द गिळला.

"अक्का, माझंच चुकलं. वेंधळ्यावाणी मधीच उभा राहिलो."

हेडफोनमध्ये अक्काची खुर्ची करकरली. मग अक्का हळूच, काळजीनं म्हणाली, "हऱ्या, बरा हाईस न्हवं? ऊन-बिन लागलं का रं?"