एपिडाव्रोसचा शुक्रवार

"चीज आहे यात. खरंखुरं चीज!" आर्गिरिसनं एका हातानं स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हातातलं गरम पॅटिस मागच्या सीटवरच्या लाम्ब्रोसच्या नाकापुढे नाचवलं.

"अरे, ईस्टरपूर्वीचा उपवास आहे, दूधदुभतंसुद्धा चालत नाही, त्यात शुक्रवार! नरकात तुझ्यासाठी वेगळी भट्टी पेटवावी लागणार बघ."

"पेटवू दे की. माझे गुडघे थंडीत फार दुखतात. तू खा तुझी ऑलिव्हं, आणि बिया माझ्या गाडीत टाकू नकोस."

पुढच्या सीटवर बसलेला थिमिओस हसला. हसताना आवाज मात्र आला नाही, नुसते खांदे हलले. मंगळवारी अथेन्सच्या इस्पितळात त्याच्या गळ्यातली स्वरपेटी काढून टाकायची होती. तोवर बोलणं कमीत कमी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सहलीची कल्पना आर्गिरिसची. तीस वर्षं त्यानं परदेशी पाहुण्यांच्या बसेस याच रस्त्यानं नेल्या होत्या, आणि तीस वर्षं तो त्या पाहुण्यांची वाट बघत बाहेर पार्किंगमध्येच पेंगला होता. "आपल्याच पणजोबांचे दगड आहेत, एकदा आत जाऊन बघू या की रे!" असं म्हणून त्यानं दोघांना घरातून उचललंच होतं.

मिकीनीच्या प्राचीन किल्ल्याच्या सिंहद्वारापाशी तिघं मान वर करून उभे राहिले. दारावरच्या त्या दोन सिंहांची डोकी केव्हाच गळून गेलेली.

"बघ, डोकी नाहीत तरी हजारो वर्षं उभे आहेत गडी," आर्गिरिस बोलून गेला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.

"यांना कोणी गायला सांगत नाही ना," थिमिओस घोगऱ्या आवाजात कुजबुजला.

थिमिओस आयुष्यभर गावच्या पोस्टात पत्रं लावत बसला. आणि चौतीस वर्षं गावच्या चर्चमध्ये उजव्या बाजूच्या गायनपीठापाशी उभा राहून त्यानं स्तोत्रं म्हटली. डाव्या पीठावर लाम्ब्रोस. गावात त्याचं केशकर्तनालय होतं आणि सुराच्या बाबतीत देवानं त्याला जरा हात आखडूनच दिलं होतं, पण भक्तीत खोट नव्हती. एक कडवं उजवीकडचं, एक डावीकडचं, असं हे देणंघेणं. थिमिओसला तो 'मास्तर' म्हणे. मास्तरांचा आवाज काही असामान्य नव्हता. पण तो ज्या मुक्कामी पोचायला हवा तिथं पोचायचा; ऐकणाऱ्याला वाटायचं, शब्द आपल्याच मनातून निघाला. असा गळा माणसाचा नसतोच. देवानं तो ठेवायला दिलेला असतो, आणि ठेव ठेवणाऱ्यानं ती परत मागितली तर तक्रार कुणाकडे करायची? थिमिओसनंही केली नव्हती. त्यानं डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "ईस्टरपर्यंत थांबता येईल का? चारच आठवडे आहेत."

"ईस्टर येईल हो. तुम्ही नसाल," डॉक्टर म्हणाले होते.

वर्षातून एकदाच, ईस्टरच्या आदल्या रात्री, चर्चमधले सगळे दिवे मालवतात. पाद्रीबाबा एक ज्योत घेऊन बाहेर येतात, ती हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्यांवर जाते, आणि ख्रिस्त उठल्याचं ते छोटंसं स्तोत्र सुरू होतं. पाद्रीबाबांच्या मागोमाग पहिला सूर लावायचा मान उजव्या पीठाचा. त्या रात्रीपूर्वी ते स्तोत्र ओठांवर आणायचं नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण गावात पोरंसोरंही ते पाळतात. ते आधी म्हणणं म्हणजे मेलेल्याच्या घरी जाऊन बारशाचं गाणं म्हणण्यासारखं.

दुपारी एपिडाव्रोस आलं. जुन्या काळी इथं रोगी यायचे, रात्रभर झोपायचे आणि त्यांचा देव स्वप्नात येऊन त्यांना बरं करायचा, म्हणे. कोण कशातून बरा झाला ते दगडांवर कोरून ठेवलेलं. आर्गिरिस त्या दगडांपुढे रेंगाळला.

"थिमिओस, तूही एक चिठ्ठी टाक याला. कितीतरी वर्षांत कुणी काही मागितलं नसेल बिचाऱ्याला. रिकामाच बसला असेल."

"जीभ झडेल तुझी!" लाम्ब्रोसनं छातीवर क्रूस काढला. मग थिमिओसकडे नजर जाताच तो ओशाळला.

तिथल्या प्राचीन, उघड्या प्रेक्षागाराच्या दगडी पायऱ्या डोंगरात वर वर चढत गेलेल्या. खाली मधोमध मातीच्या चौकात एक गोल दगड बसवलेला. परदेशी मंडळी त्यावर उभी राहून टाळ्या वाजवत, कागद फाडत, आणि वरच्या रांगेतून त्यांचे सोबती ओरडत, "ऐकू आलं!" ती मंडळी निघून गेल्यावर आर्गिरिसनं खिशातून फोन काढला.

"मी पार वरच्या रांगेत जातो. तू दगडावर उभा राहा आणि ईस्टरचं म्हण. मी रेकॉर्ड करतो. जगात कुठे मिळणार नाही असा आवाज येतो म्हणतात इथं."

थिमिओसला आता कळलं की ही सहल दगड बघायची नव्हतीच.

"लाम्ब्रोस, तुलाही ठाऊक होतं?"

लाम्ब्रोस जमिनीकडे बघत म्हणाला, "मास्तर, पाद्रीबाबाच म्हणाले. त्या रात्री चर्चपुढच्या चौकात तुमचाच आवाज लावू या म्हणून. सगळ्या गावाची इच्छा आहे हो."

"उपवासाचे दिवस आहेत. तो अजून क्रूसावरही चढला नाही, आणि मी तो उठला म्हणून सांगू?"

"देव माफ करेल."

"तो करेल रे. त्याचं ते कामच आहे."

"मग गोष्ट मिटली!" आर्गिरिस म्हणाला आणि गुडघे धरत, कण्हत पायऱ्या चढू लागला. पंचावन्न रांगा. माणूस देवाला मानत नव्हता, पण मित्रासाठी चढत होता.

गळ्यात शिटी अडकवलेली पहारेकरीण जवळ आली. "आजोबा, इथं गायला मनाई आहे. मला शिटी वाजवावी लागते."

लाम्ब्रोस तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. तिनं थिमिओसच्या गळ्याकडे पाहिलं, मग दुसरीकडे. "मला जरा फाटकाशी काम आहे," ती म्हणाली. "पाच मिनिटं लागतील. फार तर सात."

थिमिओस दगडावर उभा राहिला. आपण नाहीच म्हणणार, असं त्याला शेवटपर्यंत वाटत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे ती रात्र आली. सगळा चौक उजळलेला, सगळ्यांची तोंडं उघडलेली, आणि आपण हातात मेणबत्ती घेऊन, गळ्याला भोक पडलेले, मुके. चौतीस वर्षं त्यानं देवाच्या हातून मिळेल तेवढंच घेतलं होतं. बायको गेली त्या आठवड्यातही त्यानं शुक्रवार चुकवला नव्हता. आज मात्र त्याला हिसकावून घ्यावंसं वाटलं. एकदाच.

त्यानं सूर लावला.

पहिली ओळ आली. आवाज जाडा, पण खरा. लाम्ब्रोसनं डोळे मिटले. दुसऱ्या ओळीत जिथं सूर एक पायरी वर चढतो, तिथं गळ्यात काहीतरी टरकन फाटल्यासारखं झालं आणि पुढे नुसता वारा आला. तो थांबला, गिळलं, पुन्हा सुरू केलं. वारा. तिसऱ्यांदा त्यानं दोन्ही हातांनी मान धरली. ओठ शब्द बोलत होते, पण शब्दांत काही नव्हतं.

तो खाली उतरला आणि पहिल्या रांगेत बसला.

आर्गिरिसला उतरायला फार वेळ लागला. येऊन तो शेजारी टेकला. फोन त्यानं पालथा धरला होता.

"ऐकू आलं?" थिमिओसनं विचारलं. आता त्याची कुजबुजही उरली नव्हती; आर्गिरिसला ते ओठांवरूनच वाचावं लागलं.

खोटं बोलण्यात आर्गिरिस पटाईत होता. बायकोशी, पोलिसांशी, बसमालकाशी तो आयुष्यभर खोटं बोलला होता. पण इथं त्याला ते जमलं नाही.

"सगळं आलं रे," तो म्हणाला. "तू गिळलंस, तेसुद्धा." मग फोन सुलटा करून म्हणाला, "पुसून टाकू?"

थिमिओसनं नको म्हणून मान हलवली. मग लाम्ब्रोसचा हात ओढून त्यानं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"पाप केलं, लाम्ब्रोस. आणि तेही अर्धवट."



संध्याकाळी आर्गिरिसनं गाडी थिमिओसच्या दाराशी उभी केली, तसं थिमिओसनं बोटानं पुढे, चर्चकडे दाखवलं. उपवासातल्या शुक्रवारची मरियमची स्तुती सुरू व्हायची वेळ झाली होती.

चर्च भरलेलं. थिमिओस सवयीनं उजव्या पीठापाशी गेला, चष्मा लावला, ग्रंथ उघडला. पाद्रीबाबांनी प्रारंभ केला आणि थांबले. पहिलं कडवं उजवीकडचं.

थिमिओसनं समोर लाम्ब्रोसकडे पाहून हात हलवला, 'तूच म्हण.' लाम्ब्रोसनं पाहिलं नाही. त्यानं पीठाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या होत्या आणि नजर ग्रंथात रुतवली होती. पुन्हा हात हलला. लाम्ब्रोस जागचा हलला नाही. पाद्रीबाबा वेदीच्या दारात येऊन बघू लागले, आणि बघता बघता त्यांनीही मान खाली घातली.

मग थिमिओसनं ओळीवर बोट ठेवलं. जिथं सूर लांबवायचा तिथं बोट रेंगाळलं, जिथं श्वास घ्यायचा तिथं उचललं गेलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना अक्षर न् अक्षर पाठ होतं, पण एकीचेही ओठ हलले नाहीत. कडवं जेवढा वेळ घेतं, तेवढा वेळ चर्चमध्ये मेणबत्त्यांची तडतड ऐकू येत होती. बोट शेवटच्या अक्षरावर पोचलं आणि उठलं.

तेव्हा लाम्ब्रोसनं आपल्या बेसूर गळ्यानं दुसरं कडवं सुरू केलं. ते संपलं.

तिसरं उजवीकडचं. थिमिओसनं पान उलटलं.