डॉक्टरीणबाईंची अहिराणी

पौषातल्या कोवळ्या उन्हात नंदुरबारच्या शिवारात मिरच्या वाळत पडल्या की सारी भूमी लाल आभेने उजळून जाई, आणि त्या आभेतून पांढऱ्या सुती पातळातली एक उंच आकृती शिंकत शिंकत चालत येई. प्रत्येक शिंकेनंतर वत्सलाबाई हसत. ते हसणे इतके निर्व्याज असे की मिरच्यांचे देठ खुडणाऱ्या बायका आपसूक पदर सावरून त्यांना बसायला जागा करून देत.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा-बारा वर्षे अवकाश होता. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. पुण्याहून डॉक्टर होऊन आलेल्या वत्सलाबाई आमच्या शेजारी राहत. गावाची भाषा अहिराणी, त्यांची पुस्तकी मराठी. म्हणून रोज संध्याकाळी त्या माझ्याकडे अहिराणी शिकत आणि सकाळी दवाखान्यात ती चुकीची बोलत. येणाऱ्या बायका छातीतली जळजळ सांगत, डोक्यातला ठणका सांगत. औषधाची बाटली घेऊन जात आणि आठ दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येत. वत्सलाबाई हळूहळू खिन्न होऊ लागल्या. आपण शिकलो ती विद्या या बायकांच्या उंबरठ्याशीच थांबते, असे त्यांना वाटे. पुण्याला परत जाण्याचा विचार त्यांनी माझ्यापाशी बोलून दाखवला होता.

त्याच हिवाळ्यात सोनाबाई आपल्या नव्या सुनेला घेऊन आल्या. केसर तिचे नाव. वय सतरा-अठरा, डोळे पाणीदार, आणि लग्नाला आठ महिने होऊनही ओठांतून एक शब्द नाही. माहेरच्यांनी मुकी पोर गळ्यात मारली, असे सोनाबाईंचे म्हणणे होते. मिरची विकली गेली की गाडी जुंपून तिला परत पोचवायचे, हे घरात ठरून गेले होते. वत्सलाबाईंनी घसा पाहिला, कान पाहिले. सगळे निर्मळ, निरोगी. त्यांनी औषध दिले नाही. फक्त मिरची संपेपर्यंत मुदत मागितली आणि रोज दुपारी आपण घरी येऊन बसू, एवढे सांगितले.

सोनाबाईंना हा उपचार विचित्रच वाटला असणार. डॉक्टरीणबाई यायच्या, खळ्यात मिरच्यांच्या ढिगाशी मांडी घालून बसायच्या आणि केसरच्या शेजारी देठ खुडायच्या. तिला त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. शाळा सुटली की मीही जाऊन बसे. त्या दुपारी किती शांत होत्या! वाळल्या मिरचीची कुरकुर, दूरवर मोटेचा स्वर, आणि मधूनमधून वत्सलाबाईंची ती अडखळती अहिराणी. एकदा त्यांना तहान लागली आणि त्या सोनाबाईंना म्हणाल्या, "मन्हा पाणी द्या." 'मला' म्हणायच्या जागी त्या 'माझे' म्हणून बसल्या होत्या. सोनाबाईंनी 'माले' म्हणून चूक सुधारली. दुसऱ्या दिवशी तीच चूक, तिसऱ्या दिवशीही तीच. बायका हसल्या, त्यांच्याबरोबर वत्सलाबाईही हसल्या, आणि मला दिसले की केसरचे खांदेही हलताहेत.

चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी पुन्हा 'मन्हा पाणी' म्हटले, आणि खाली मान घातलेल्या केसरच्या तोंडून शब्द फुटला.

"मा... मा... माले."

आपल्याच आवाजाने भ्यालेल्या त्या पोरीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग रडत, अडखळत, एकेका अक्षरापाशी ठेचकाळत तिने सांगितले की ती तोतरी आहे. पाठवणीच्या वेळी आईने कानात बजावले होते की तोंड उघडलेस तर सासरी नांदवणार नाहीत. म्हणून ती आठ महिने ओठ मिटून होती. तेवढे सांगायला तिला केवढा वेळ लागला! वत्सलाबाईंनी तिचा एकही शब्द पुरा करून दिला नाही. मी करणार होते, तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

सगळ्यांच्या नजरा सोनाबाईंकडे होत्या. त्यांनी सुपातली मूठभर मिरची सुनेच्या पुढ्यात सरकवली.

"सावकाश बोल," त्या म्हणाल्या. "आखो गंज मिरच्या बाकी शेतस." अजून पुष्कळ मिरच्या खुडायच्या राहिल्या होत्या.

गाडी जुंपली गेली नाही. परत येताना वत्सलाबाई वाटेत एकाएकी थांबल्या आणि म्हणाल्या, "मला माझं काम सापडलं." मावळतीच्या प्रकाशात त्यांचा चेहरा एखाद्या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीसारखा दिसत होता.

पुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. दवाखान्यामागच्या खोलीत त्यांनी दोन चटया अंथरल्या आणि आठवड्यातल्या तीन दुपारी केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवल्या. गावातले दुसरे डॉक्टर हसले. बाटलीवाचून कसला दवाखाना, असे म्हणाले. बायका मात्र येत राहिल्या. खांडबाऱ्याहून आगगाडीने आल्या, मोलगीकडच्या डोंगरांतून पायी उतरून आल्या. त्यांच्यासाठी वत्सलाबाई भिली शिकल्या, तीही तितकीच चुकीची. त्या मनाच्या विद्येचे ग्रंथ टपालाने मागवत, रात्रंदिवस वाचत, आणि माझ्यापाशी बसून त्या ग्रंथांशी मनसोक्त भांडत. अमुक लेखकाने खळ्यात बसून पाहिले असते तर असे लिहिले नसते, हा त्यांचा आवडता आक्षेप. केसरचे तोतरेपण पुरते कधी गेले नाही, पण तिची भीती गेली. पुढे तर ती शेजारणींशी भांडतेही, हे सोनाबाईंनी मोठ्या कौतुकाने येऊन सांगितले, तेव्हा वत्सलाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पुष्कळ वर्षांनी त्या गेल्या. अखेरपर्यंत त्यांना कामाचा कंटाळा आलेला मी पाहिला नाही. आता मीही म्हातारी झाले आहे, आणि ज्यांनी त्या चटयांवर बसून आपले मन मोकळे केले त्या बायकांपैकी फार थोड्या उरल्या आहेत. काळ माणसाचा चेहरा नेतो, हळूहळू आवाजही नेतो; पण कुणीतरी आपले बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले होते, ही आठवण तो नेत नाही, आणि त्या आठवणीपुरती त्यांची अनुपस्थितीही कुणीतरी शेजारी बसल्यासारखी उबदार वाटते.