बोलणाऱ्याला बरं

धुणेवाल्या आत्याच्या घरामागे दोऱ्यांचं मैदान होतं. दवाखान्याच्या आणि लॉजच्या चादरी तिथं वाळायच्या. वारा आला की पोटं फुगवायच्या, वारा गेला की सुस्कारा टाकायच्या. पांढऱ्याला डाग सोसत नाही, आणि आत्यालाही.

एका सकाळी मैदानाच्या कडेला दोन माणसं लाल टोकाच्या खुंट्या ठोकू लागली.

"काय बांधताय, दादा?"

"कारखाना. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा. चिमणी इथं, तुमच्या शेवटच्या दोरीपाशी."

"कुणाला विचारून?"

हातोडा थांबला. "तुम्हालाच की. सभेत बरं म्हणालात ना? सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच, म्हणे."

आत्याला काही उमगेना. बरं तर ती म्हणाली होती.

या गल्लीचे आजे-पणजे कुठून तरी दुरून आले होते. आता त्यांची हाडंसुद्धा इथल्या मातीत विरली, तरी शहर अजून गल्लीला 'नवी वस्ती' म्हणतं. येताना त्यांनी एक रीत आणली. कुणी बोलू लागलं की ऐकणाऱ्यानं वाक्यावाक्याला 'बरं' म्हणायचं. बरं म्हटलं नाही तर बोलणाऱ्याचा शब्द खाली पडतो, आणि पडलेला शब्द उचलायला कुणी वाकत नाही. आत्याचं बरं गल्लीत नावाजलेलं. रडणारी बाई तिच्यासमोर बसली की त्या 'बरं'च्या आधारानं शेवटापर्यंत पोचायची.

कारखान्याचे साहेब सभेत बोलले, तेव्हा आत्यानं त्यांनाही तो आधार दिला. परका माणूस, घामाघूम झालेला. चिमणी येणार. बरं. धूर उंच जाणार. बरं.

ती धावत न्हाव्याकडे गेली. "तू काय म्हणत होतास रे सभेत?"

"बरं, दुसरं काय? निम्मं तर जांभईत म्हटलं."

"म्हणजे आपण हो म्हटलं?"

न्हाव्यानं वस्तरा पुसला. "टेकडीवरच्या बंगल्यांनी आधीच नको म्हटलं होतं. आरडाओरडा करून. म्हणून तर साहेब आपल्याकडे आले."

"मग आपणही ओरडायचं होतं?"

"पाहुण्यावर?" न्हावी म्हणाला.

गल्लीनं अर्ज-विनंत्या करून पुन्हा सभा मागितली. यावेळी ठरलं, कुणी चकार शब्द काढायचा नाही. शाळेच्या खोलीत सगळी गल्ली लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली. साहेब बोलू लागले. चिमणी आधुनिक आहे. कुणी काही म्हणेना. राख गाळली जाईल. पंखा फिरत राहिला. साहेबांचे शब्द टपटप खाली पडताना आत्याला ऐकू येत होते. तिच्या गळ्यात बरं येऊन थांबलं होतं, दारात अडलेल्या वासरासारखं.

"ऐकताय ना?" साहेबांनी विचारलं. कुणी हललं नाही. ते शेजारच्या कारकुनाकडे वळले. "लिहा, कुणाचीही हरकत नाही."

खोलीभर कुजबुज झाली. बोललं तरी हो, न बोललं तरी हो. आत्या उठली. काय म्हणायचं ते तिनं ठरवलं नव्हतं. शब्द आपले आपण निघाले.

"साहेब, माझ्या चादरींवर आजारी माणसं झोपतात."

"बरं," साहेब म्हणाले.

"वाऱ्याला चिमणी कळत नाही, चादर कळत नाही. तो येतो नि लागतो."

"बरं, बरं."

"शिशाची राख धुऊन जात नाही म्हणतात. मग मी काय धुऊ?"

"बरं. पुढे?"

"पुढे काही नाही. कारखाना इथं नको."

"बरं," साहेब म्हणाले, घड्याळाकडे बघत.

मागच्या बाकावरून न्हावी म्हणाला, "लिहा हो. साहेब बरं म्हणाले."

खोली हसली. कारकुनानं पेन उचललं, साहेबांकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं.

"अहो, मी नुसतं ऐकत होतो," साहेब म्हणाले. "बरं म्हणजे मान्य असं कुठं असतं?"

हसू विझलं. आत्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"तेच तर," ती हळूच म्हणाली. "आमचंही तेवढंच होतं."

साहेबांनी कागद गोळा केले. मग म्हणाले, "बघू."

बाहेर पडताना गल्लीभर एकच वाद. बघू म्हणजे काय? आपल्यात पाहुण्याला नाही म्हणायचं तर बघू म्हणतात. "म्हणजे कारखान्याला नाही," न्हाव्याची बायको म्हणाली. "कारखान्याला की आपल्याला?" न्हाव्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी आत्या मैदानात गेली तेव्हा खुंट्या तिथंच होत्या, ओल्या मातीत घट्ट. कुणी काढायला आलं नव्हतं, कुणी नव्या ठोकायलाही. शेवटच्या दोरीचा, खुंटीजवळचा जुना बांबू कुजून मोडला होता, दोरी लोंबत होती. तिची भाची ओल्या चादरींची बादली घेऊन आली.

"आत्या, ही खुंटी उपटून टाकू या का?"

"उपटली तर चोरी म्हणतील."

"मग राहू दे?"

"राहू दिली तर मान्य म्हणतील."

भाचीनं खुंटीला हात लावून हलवून पाहिलं. जराही हलली नाही. "मग दोरी हिलाच बांधते. चादरी ओल्या आहेत, कुठं तरी घालायलाच हव्यात ना."

आत्यानं तोंड उघडलं. जन्मभराचा शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडला. आता तो कुणाचा झाला होता, कुठं जाऊन काय ठरवून बसेल, तिला सांगता येईना.

भाची दोरी हातात धरून थांबली होती. "आत्या? काय तरी म्हण की."

वारा आला. बादलीतली वरची चादर जराशी उचलली गेली.