डावीकडचे पक्षी

मित्रांनो, मी बंदूक असले तरी मला घाबरायचं कारण नाही. माझ्यात गोळी नाही, छर्राही नाही. माझं अंग करड्या प्लॅस्टिकचं आहे, घोडा नारिंगी आहे आणि मुठीतून एक लांब वायर निघते. ती वायर व्हिडिओ गेमच्या डब्याला जोडली की टीव्हीवर उडणारे पक्षी माझ्याने पाडता येतात.

माझं काम कसं चालतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या नळीच्या टोकाला भिंग आहे आणि भिंगामागे एक बारीक डोळा आहे. तुम्ही घोडा दाबला की टीव्हीचा पडदा क्षणभर काळा होतो आणि पक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. माझ्या डोळ्यासमोर पांढरं आलं तर पक्षी पडतो. काळं आलं तर तो उडून जातो. म्हणजे मी कुणाला मारत नाही. मी फक्त बघते आणि जे दिसलं ते सांगते. आजच्या सपाट टीव्हीवर मात्र मी आंधळी असते. मला मागे मोठी पाठ असलेला जुना डबा टीव्हीच लागतो.

माझा जन्म दूरच्या कुठल्या कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. कल्याणच्या एका खेळण्यांच्या दुकानातून मी एका घरात गेले. तिथली पोरं मला टीव्हीच्या काचेला टेकवून पक्षी मारायची आणि जिंकलो म्हणून नाचायची. पुढे घरात कॉम्प्युटर आला आणि मी माळ्यावर गेले. तिथे भिंगावर बुरशी चढली, उंदराने वायर कुरतडली. घराचं रंगकाम काढलं तेव्हा मला जुन्या मिक्सरबरोबर भंगारात टाकलं. कुणी मागे वळून बघितलं नाही.

भंगारवाल्याच्या गाडीवरून मला उचललं ते गुरुदत्तने. तो डोंबिवलीला राहायचा, ठाण्यात नोकरीला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुने व्हिडिओ गेम शोधत फिरायचा. त्याने मला रुमालात गुंडाळून घरी नेलं. माझे स्क्रू काढले. इअरबडला स्पिरिट लावून माझा डोळा पुसला, वायर बदलली, अंगावरचा चिकटा काढला. मित्रांनो, मला तोवर कुणी इतक्या हळू हाताने शिवलं नव्हतं.

त्याच्या हॉलची एक अख्खी भिंत काचेच्या कपाटाची होती. त्यात गेमच्या कॅसेटी उभ्या रचलेल्या, प्रत्येकीला प्लॅस्टिकचं कव्हर. मधल्या फळीवर मी. समोर चाकांच्या ट्रॉलीवर डबा टीव्ही.

त्याची बायको हेमांगी पतपेढीत काम करायची. तिला या सगळ्याचं हसू यायचं.

"लोकांच्या घरातून भंगार बाहेर जातं, आपल्याकडे आत येतं," ती म्हणायची.

"एकदा खेळून तर बघ," गुरुदत्त म्हणाला.

तिने पदराला हात पुसले, मला उचललं आणि पहिल्याच डावात एकही पक्षी सोडला नाही. गुरुदत्त बघतच राहिला.

"नवशिक्यांचं नशीब," तो म्हणाला.

"मग लाव पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हाही तेच झालं. त्या दिवसापासून संध्याकाळी चहा झाला की दोघांचा एक डाव ठरलेला असे. हरेल त्याने कप विसळायचे. कप बहुतेक वेळा गुरुदत्तच विसळायचा. या घरात मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघं दोन दिशांना असायची. तो डाव तेवढा त्यांचा एकत्र असायचा. हेमांगीच्या हातात मी असले की मला नेहमी पांढरंच दिसायचं.

रविवारी गुरुदत्तचे मित्र जमत. सगळे असेच जुन्या गेमवर जीव टाकणारे. त्यांच्यात घोडबंदर रोडच्या उंच इमारतीत राहणारा सुमित सगळ्यांत बोलका होता. त्याच्याकडे महागाच्या परदेशी वस्तू होत्या, पण हेमांगीला तो कधी हरवू शकला नाही.

"वहिनी, तुम्ही पतपेढीत काय करता? तुम्ही मिलिटरीत पाहिजे होत्या," तो म्हणायचा. मग मला हातात घेऊन माझं कौतुक करायचा. मी फुलून जायचे. तिचं कौतुक आणि माझं कौतुक यांत मला फरक वाटत नसे.

मग एका संध्याकाळी मला काळं दिसलं.

डावीकडून पक्षी निघाला आणि हेमांगीने मला वळवलंच नाही. तो उडून गेला. पुढचा उजवीकडून आला, तो पडला. पुन्हा डावीकडचा सुटला. ती गोंधळली नाही. मित्रांनो, तिला तो पक्षी निघाला हेच कळलं नव्हतं. या खेळात पक्षी सुटला की एक कुत्रं पडद्यावर येऊन हसतं. ते आलं तेव्हा तिने विचारलं, "हे कशाला हसतंय? पक्षी आलाच कुठे?"

"समोरून तर गेला!" गुरुदत्त म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्याही. गुरुदत्तच्या कपाळाला आठी पडली. तो जुन्या वस्तू दुरुस्त करणारा माणूस. काही बिघडलं की त्याला एकच रस्ता माहीत होता. त्याने मला उलटं केलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला.

त्याने माझं भिंग बदललं. मग डोळा बदलला. त्यासाठी उल्हासनगरहून माझ्यासारखीच दुसरी बंदूक आणली, तिचा डोळा काढून मला बसवला आणि तिला तशीच उघडी खोक्यात टाकली. ती चांगली चालणारी होती. मग त्याने गेमच्या डब्याची पिन घासली, कॅसेट साफ केली, टीव्हीचा रंग आणि उजेड कमीजास्त केला. प्रत्येक वेळी तो आधी स्वतः खेळून बघायचा. त्याच्या हातात डावीकडचे पक्षीही पडायचे. मग मला हेमांगीच्या हातात द्यायचा, आणि ते पुन्हा सुटायचे.

"थांबून थांबून येणारा फॉल्ट आहे," तो म्हणायचा. "असले फॉल्ट शोधायला वेळ लागतो."

मला ओरडून सांगावंसं वाटायचं की मी ठीक आहे. मी पहिल्यापासून ठीक होते. पण मला डोळा दिलाय, तोंड दिलेलं नाही.

रविवारी मित्र आले तेव्हा हेमांगी खेळायला नको म्हणत होती. सुमितनेच आग्रह केला. तिने डाव घेतला आणि डावीकडचे सगळे पक्षी उडून गेले.

"वहिनी, डावीकडच्यांना सोडून द्यायचं ठरवलंय का? माहेरचे आहेत वाटतं!" सुमित म्हणाला.

सगळे हसले. गुरुदत्तही हसला. हेमांगीही हसली, कारण सगळे हसत होते.

"डोकं दुखतंय रे जरा," ती म्हणाली.

"हरलं की सगळ्यांचंच दुखतं," गुरुदत्त म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. ती मला टीपॉयवर ठेवून आत गेली. जाताना तिचा डावा खांदा कपाटावर आपटला. काचा थरथरल्या.

"अगं हळू! कॅसेटी पडतील!" गुरुदत्त ओरडला.

त्या आठवड्यात त्याने कपाटाच्या त्या कोपऱ्याला फोमची पट्टी चिकटवली. कपाटाला लागू नये म्हणून.

मग त्याला एक दिवस फॉल्ट सापडला. निदान त्याला तसं वाटलं. हेमांगीच्या जागेच्या डाव्या हाताला बाल्कनी होती. तिथून उजेड यायचा. त्याने टीव्हीची ट्रॉली ढकलत पार उजव्या कोपऱ्यात नेली आणि हेमांगीला म्हणाला, "बस तुझ्या जागेवर. आता मार."

तिने मारले. सगळे पडले. डावीकडचे, उजवीकडचे, सगळे. कारण आता अख्खा टीव्हीच तिच्या उजव्या बाजूला गेला होता.

"बघ! बाल्कनीचा उजेड! मी म्हटलं नव्हतं?" गुरुदत्तने टाळी दिली. त्याने मोबाइलवरच्या मित्रांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, फॉल्ट कसा शोधला ते सविस्तर लिहिलं. सगळ्यांनी शाबासकीचे अंगठे टाकले. हेमांगीचा चेहराही उजळला. तिला वाटलं, आपण बऱ्या झालो. त्या संध्याकाळी कप गुरुदत्तने विसळले, आणि तोही आनंदाने.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट दिवस कोणता, असं कुणी विचारलं तर मी माळ्यावरचे दिवस सांगणार नाही. हा दिवस सांगेन.

पुढे कित्येक महिने सगळं झकास चाललं होतं. निदान खेळात. एरवी मी फळीवरून बघत होते. हेमांगी जेवायची तेव्हा ताटातली भाजी, पोळी, भात संपायचं. डाव्या बाजूची चटणी आणि कोशिंबीर तशीच राहायची. ती उठायची, आणि गुरुदत्त ताट उचलताना म्हणायचा, "आवडत नाही तर वाढून कशाला घेतेस?"

"वाढली होती का?" ती विचारायची. त्याला ती थट्टा वाटायची.

खडवलीहून तिची मोठी बहीण शीला आली, तेव्हा गुरुदत्त मला पुसत बसला होता. दार उघडंच होतं. शीला आत आली, चप्पल काढली आणि हेमांगीच्या डाव्या हाताला दिवाणावर टेकली. हेमांगी मेथी निवडत होती. शीला थोडा वेळ गंमत म्हणून गप्प बसली. मग तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

"हेमे, मी केव्हाची बसलेय इथे."

हेमांगी दचकली. "ताई! तू कधी आलीस?"

"तुझ्या समोरून आले गं. तुझ्या बाजूला बसलेय. भावोजी, हिला दिसत नाही का?"

"तिचं लक्ष नसतं हल्ली," गुरुदत्त म्हणाला.

"लक्ष?" शीलाने हात पुढे करून हेमांगीच्या डाव्या कानाशी चुटकी वाजवली, बोटं हलवली. हेमांगी समोरच बघत राहिली. "तुम्ही एवढी वर्षं हिच्याबरोबर एका घरात राहता ना? त्या बंदुकीतनं डोकं काढा जरा!"

दुसऱ्याच दिवशी शीला तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. गुरुदत्त ऑफिसहून परस्पर तिकडे गेला. तिघं परत आली तेव्हा शीला सरळ आत गेली आणि तिने बेसिनचा नळ सोडला. हेमांगी दिवाणावर बसली. तीच आधी बोलली.

"तिथेही तुझ्यासारखाच खेळ होता रे. एका मशीनमध्ये तोंड घालायचं. उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. डावीकडचे मला दिसलेच नाहीत." ती थांबली. "आता त्यांचंही मशीन उघडून साफ करणार का?"

तिचे डोळे चांगले होते. डोक्याचा स्कॅन काढला तेव्हा आत गाठ निघाली होती. बरीच वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून होतंय असं? तेव्हा गुरुदत्तला सांगता येत होतं. सगळं त्याने ग्रुपवर लिहूनच ठेवलं होतं.

तो उठला. त्याने टीव्हीची ट्रॉली उजव्या कोपऱ्यातून ओढत मधोमध आणली, पूर्वी होती तिथे. बाल्कनीचा पडदा ओढून घेतला. उजेडाचा कणही राहू दिला नाही. मग मला हेमांगीच्या हातात दिलं.

"आत्ता?" ती म्हणाली.

"एकदाच. प्लीज."

तिने घोडा दाबला. उजवीकडचे पडले. डावीकडून पक्षी येत राहिले, जात राहिले, आणि तिने एकदाही मला तिकडे वळवलं नाही. गुरुदत्त या वेळी टीव्हीकडे बघत नव्हता. तो पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होता.

"झालं समाधान?" तिने विचारलं आणि मला त्याच्या मांडीवर ठेवलं.

ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ निघाली नाही. ती घरी आली, पुन्हा दवाखान्यात गेली. दुसऱ्यांदा गेली ती परत आली नाही.

तेरावं झाल्यावर सुमित आणि बाकीचे मित्र भेटायला आले. सुमितने सवयीने मला फळीवरून उचललं, हातात फिरवलं.

"काय ठेवलंयस रे हिला," तो म्हणाला. "अगदी नव्यासारखी."

तो वाईट माणूस नव्हता. त्याला दुसरं काही सुचलं नसेल. गुरुदत्तने मला त्याच्या हातातून काढून घेतलं, सगळ्यांसमोर स्क्रू ड्रायव्हर आणला आणि मला उघडलं. भिंग काढून उजेडाकडे धरलं. त्यावर धूळ नव्हती. तरी तो पुसत राहिला. मित्रांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकेक करून चपला घातल्या. अजूनही तो मला असाच उघडतो, बघतो आणि बंद करतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगून झाली की तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला जपा, फेकू नका, असं म्हणतात. मी ते मागणार नाही. मला पुष्कळ जपलं. या घरात माझ्याइतकं कुणालाच जपलं नाही.

मी एवढंच सांगते. तुमच्या घरात कुणी एकाएकी चुकायला लागलं, नेहमी जमणारं त्याला जमेनासं झालं, तर हसू नका. त्याच्या हातात काय आहे ते आधी काढून बाजूला ठेवा. मग त्याच्या समोर बसा आणि त्याला विचारा, तुला काय होतंय? या घरात हे मला नाही, तिला विचारायला हवं होतं. मला कसली घाई होती? मी बिघडलेली असते तरी थांबले असते.