सकाळी आठची साखळी

सकाळचे आठ वाजले की गुद्रुनचा हात आपसूक टेलिफोनकडे जायचा. आधी फोन, मग कॉफी. अकरा वर्षांत हा नेम तिने एकदाही चुकू दिला नव्हता. बेटावर एकेकटी राहणारी सहा म्हातारी माणसं, त्यांची ही साखळी. गुद्रुनने पहिल्याला फोन करायचा, त्याने दुसरीला, असं करत शेवटपर्यंत. फोन उचलणारा तिथल्या रिवाजाप्रमाणे आपलं नाव सांगायचा. ते ऐकलं की "गोमोर्न", म्हणजे सुप्रभात, म्हणायचं आणि ठेवायचं. नाव आलं म्हणजे माणूस धडधाकट. नाही आलं, तर दुकानदार विगोने किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावायचं. एका हिवाळ्यात एकटीच राहणारी वाल्बोर दोन दिवस न्हाणीघरात पडून होती आणि शेजाऱ्यांनाही पत्ता नव्हता. तेव्हापासूनचा हा नेम.

आणि आता गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी गुद्रुनला नऊ दिवस पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं होतं. त्यातच टेलिफोनच्या जुन्या तारा काढायला घेतलेल्या. आपल्या मागे कुणी असंच पडून राहिलं तर?

नवा फोन बसवायला आलेली मुलगी मोठी गोड होती. म्हणाली, "आजी, नंबर तोच राहील. तारेऐवजी इंटरनेटवरून बोलाल, एवढंच. घरचा फोन वाजेल तेव्हा तुमचा मोबाईलही वाजेल. इस्पितळातून फोन केलात तरी समोरच्याला घरचाच नंबर दिसेल."

"म्हणजे मी तिकडे, आणि बोलणार माझं घर?"

"तसंच समजा."

हे फार मोलाचं होतं. अनोळखी नंबर दिसला की बेटावर कुणी फोन उचलत नसे.

मुलीने सगळ्यांकडे फोन बसवले. साखळीतला शेवटचा एस्किल्ड, जन्मभर फेरीबोट चालवलेला, तोंडाने फटकळ. ती त्याला म्हणाली, "तुम्ही उचलला नाहीत तर तुमचा आवाज उत्तर देईल, आणि निरोप ईमेलने पोचेल. पत्ता कुठला घालू?"

"माझ्याकडे कुठला ईमेल? गुद्रुनचा घाल. नाहीतरी तिला सगळ्यांच्या घरात डोकवायचंच असतं!" मग आवाज भरायला सांगितला, तेव्हा त्याने फोन उचलल्यावर म्हणायचा तेवढाच शब्द म्हटला: "एस्किल्ड."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. तिसऱ्या दिवशीही गुद्रुनने खाटेवरूनच आठ वाजता पहिला फोन लावला. नाव आलं, पाठोपाठ कपात चमचा फिरल्याचा आवाजही आला. इतकं स्वच्छ तर जुन्या तारेवरूनही कधी ऐकू येत नव्हतं! तिने मनोमन देवाचे आणि त्या मुलीचे आभार मानले.

सव्वाआठला एस्थरचा फोन आला. एस्किल्डला फोन करून झाला की सगळं ठीक असल्याचं तीच कळवायची.

"सगळे जागेवर आहेत गं. तू आपली पाय वर करून पड."

"एस्किल्ड?"

"नाव सांगितलं, मी गोमोर्न म्हटलं, ठेवला. त्या खडूसाशी जास्त कोण बोलतंय!"

गुद्रुनने हसत फोन ठेवला. तेवढ्यात मोबाईल थरथरला. ईमेल आला होता: एस्किल्डसाठी निरोप. तिने तो लावला. एस्थरचाच आवाज. "गोमोर्न." आणि खट्.

गुद्रुनचं हसू जागच्या जागी थिजलं. निरोप इथे आला, म्हणजे फोन एस्किल्डने उचललाच नव्हता. नाव यंत्राने सांगितलं होतं.

तिने विगोला फोन लावला. गुद्रुनच्या घरचा नंबर बघून त्याने पहिल्याच घंटेला उचलला. "विगो."

"जुडगा घे आणि एस्किल्डकडे पळ. फोन बंद करू नकोस, खिशात ठेव."

मग ती डोळे मिटून ऐकत राहिली. सायकलची साखळी, चाकांखालची खडी, वारा. कुलपात फिरणारी किल्ली. "एस्किल्ड!" अशी हाक. मग काहीच नाही. समुद्रापलीकडच्या खाटेवर ती हात जोडून पडली होती, आणि त्या घराचा कोपरान् कोपरा तिच्या कानात उलगडत होता.

खूप खालून, तळघरातून आल्यासारखा, एक आवाज आला. "एवढा वेळ लागतो होय रे गाढवा? बटाटे आणायला उतरलो, शिडी मोडली. पाय हलत नाही. पहाटेपासून इथेच आहे!"

"देवा रे बाबा," एवढंच गुद्रुनच्या तोंडून निघालं. मग ती मोठ्याने म्हणाली, "विगो, त्याला हलवू नकोस. घोंगडी घाल. मी डॉक्टरांना सांगते."

दुपारी हेलिकॉप्टरने एस्किल्डला पलीकडे आणलं. मांडीचं हाड मोडलं होतं, पण माणूस शाबूत होता. संध्याकाळी एस्थर फोनवर हुंदके देत होती. "मी यंत्राला गोमोर्न म्हटलं गं! आणि तुला सांगितलं, सगळं ठीक आहे."

"रडू नकोस बाई. तू गोमोर्न म्हटलंस म्हणून तर मला कळलं. काही न बोलता ठेवला असतास, तर निरोपच आला नसता. त्या यंत्राने चोख काम केलं. चुकला तो आपला नियम. यापुढे नावावर थांबायचं नाही. काहीतरी विचारायचं, आणि उत्तर आल्याशिवाय ठेवायचं नाही."

"एस्किल्डला काय विचारू? तो तर शिव्याच देईल."

"दिल्या तर फारच चांगलं," गुद्रुन म्हणाली. "पोटभर ऐकून घे, आणि मग मला कळव."