माळ्याची कडी

नवं घर बांधाले घेतलं तवा बंडू मिस्त्रीले मी पयलेच सांगतलं होतं, खाली तीन खोल्या आन वरतं उतरत्या टिनाखाली माळा, कांदे-लसून ठेवाले. पातूरच्या बाजारात भाजी इकून इकून हे घर उभं केलं मी. नकाशा माह्याच डोक्यातला. कोनाचं ऐकून घेनारा मानूस नाई मी, हे साऱ्या गावाले ठाऊक हाये.

दामिनी माही पोरगी. अमरावतीले देली होती, पन आठ महिन्यांपासून घरी येऊन बसली. काहून आली म्हनून इचारलं त, "जमत नाई बाबा," एवढंच म्हने. मले भलता राग ये. अरे, भांडन कोनाच्या घरी होत नाई? जावई मानूस सभ्य, मोठ्यांसमोर मान खाली घालून बोले. आमची पार्वताबाई, दामिनीची माय, म्हने, थांबा जराशे, पोरीच्या मनातलं कळू द्या. मी तिचंबी ऐकलं नाई. व्याह्याले सांगून टाकलं, इतवारी या आन घेऊन जा सुनेले.

शनिवारी माळ्याचं शेवटचं काम चालू होतं. भिंतीले चुना मारून झाला होता, बंडू दाराले कडी बसवून रायला होता. मी बाजूले उभा राहून त्याले शिकवून रायलो होतो. तेवढ्यात दामिनी शिडी चढून वर आली.

"बाबा, खाली जागा नसन त मी इथं रायीन."

"इथं? कांद्यात?"

"कांद्यात रायीन. टिन तापते, तापू द्या. फक्त कडी आतून लावून द्या."

मी खेकसलो तिच्यावर. "माळ्याले कडी बाहेरूनच रायते. वांदरं घुसतेत. तुले आतून कायले पायजे?"

तिनं त्या कडीकडे पायलं. मंग हळूच म्हने, "तिकडेबी बाहेरूनच होती बाबा. ते कामावर जाताना लावून जात. संध्याकाळी आले की काढत."

बंडूचा हात थांबला. आठ महिने पोरगी घरात होती, आन मी एकदाबी तिले जवळ बसवून नीट इचारलं नाई. सकाळपासून मीच बंडूच्या मागं लागलो होतो, कडी जाड लाव म्हनून. लाज वाटली मले. अशी लाज जिंदगीत कधी वाटली नवती.

"काढ रे ते," मी बंडूले म्हनलं. "आतून लाव. आन या भिंतीत मोठी खिडकी फोड."

"मंग कांदे कुठं ठेवसान नत्थुजी?"

"कांदे गेले खड्ड्यात."

खिशातून मोबाइल काढला आन तिच्यासमोरच व्याह्याले लावला. म्हनलं, उद्या येऊ नका. ते म्हने, काहून, पोरगी बिमार हाये का?

"नाई," मी म्हनलं. "तिची खोली बांधून रायलो आमी. आता ती इथंच रायीन."